निळ्या थेंबाच्या दिवसाची नोंद

ग्रनोबल,
मंगळवार, १४ नोव्हेंबर

प्रिय क्लेमांस,

हे पत्र मी तुझ्या घरी पाठवणार नाही. तू काम करतेस त्या औषधाच्या दुकानात आणून देणार आहे, आणि तुझ्याच हातात पडलं पाहिजे असं काउंटरवरच्या बाईंना बजावणार आहे. घरची टपालपेटी तुझा नवरा फाब्रिस उघडतो. तो माझी पत्रं वाचत नाही असं तू म्हणशील. बरं, नसेल वाचत. असल्या 'बरं, नसेल'वर मी जन्म काढला, आता अडुसष्टाव्या वर्षी तो धंदा बंद केलाय. लगेच चिडू नकोस. चिडायचंच असेल तर शेवटच्या पानावर चीड, तिथं पुष्कळ जागा ठेवली आहे.

तू पाठवलेला कोर्टाचा छापील कागद मिळाला. सोबतची तुझी चिठ्ठीही मिळाली, तुझ्याच शब्दांत: रविवारी तू जेवायला आली होतीस, परसदाराच्या पायऱ्या ओल्या होत्या, मी घसरले ते तू स्वतः पाहिलंस, एवढंच लिही. गुरुवारी तारीख आहे, बुधवारपर्यंत हवं. ती चिठ्ठी मी फ्रिजवर लावली आणि आठवडाभर येता-जाता वाचली. दूध काढताना वाचली, लोणी ठेवताना वाचली. 'घसरले.' या एका शब्दाशी माझं जुनं वैर आहे, तुझ्या लग्नाहून जुनं. ते तुला सांगितल्याशिवाय त्या कागदाला पेन लावायचं नाही असं मी ठरवलं.

सुरुवात तुझ्या आजोबांपासून करावी लागेल. लोरेनच्या लोखंडाच्या खाणीत ते सुरुंग लावायचे हे तुला ठाऊक आहे, पण कसले ते कदाचित मी कधी सांगितलं नसेल. कोळशाच्या भुकटीनं भरलेल्या कापडी नळ्या असायच्या. त्या द्रव ऑक्सिजनच्या पिंपात बुडवायच्या. भिजल्या की झालं काडतूस. मग धावपळ, कारण ऑक्सिजन सारखा उडून जात असतो. पळत नेऊन खडकातल्या भोकात बसवायचं, वात लावायची, बाजूला व्हायचं. एखादं काडतूस फुटलंच नाही, तर त्याच्याजवळ जायचं नाही. अर्धा तास थांबायचं. अर्ध्या तासात सगळा ऑक्सिजन निघून जातो आणि मागे नुसती काळी भुकटी उरते, लहान मुलानं हातात घेतली तरी चालेल अशी. आमच्या गल्लीतला एक माणूस दहाव्याच मिनिटाला बघायला गेला. त्याचं जे काही सापडलं ते तुझ्या आजोबांनी स्वतःच्या कोटात गुंडाळून वर आणलं. तो डिनोचा बाप. डिनो तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि मी आठ. त्या दिवसापासून आमच्या घरात 'अर्धा तास' हा शब्द प्रार्थनेसारखा म्हटला जायचा. बाबा तापले की आई डोळ्यांनी खुणावायची, अर्धा तास, पोरांनो. आम्ही अंगणात जायचो आणि परत यायचो तेव्हा बाबा खरोखरच निवलेले असायचे. त्यांनी आमच्यावर कधी हात उचलला नाही, म्हणून तर तो नियम मला खरा वाटला.

त्याच ऑक्सिजननं मला नोकरी दिली. ग्रनोबलच्या प्रयोगशाळेत थंड द्रवांची भांडी भरायला माणूस हवं होतं. मुलाखतीत त्यांनी विचारलं, द्रव ऑक्सिजन कधी पाहिलाय का. मी म्हटलं, पाळण्यात असल्यापासून. तिथं तुझे वडील होते. एर्वेचं चुंबक, असंच सगळे म्हणायचे, जणू त्यानं ते बाजारातून स्वतःच्या पैशानं आणलं होतं. काम असं होतं: रॉकेटच्या टाकीत इंधन म्हणजे थंडगार द्रव, आणि वर गेल्यावर त्याला वजन उरत नाही. मग ते तळाशी राहतं की भिंतीला चिकटतं, हे आम्हांला जमिनीवरच बघायचं होतं. चुंबकाच्या गुंडाळीत पुरेशी वीज सोडली की चुंबक द्रवाला वर खेचतं, वजन खाली खेचतं, दोन्ही ओढी सारख्या झाल्या की द्रव तळ सोडतो आणि अधांतरी उभा राहतो. हायड्रोजन चुंबकापासून दूर पळणारा, म्हणून त्याला खालून रेटून धरता येतं. एकदा जागा सापडली की तो मधोमध निवांत बसतो. ऑक्सिजन चुंबकावर भाळलेला. तो वर येतो, थरथरतो आणि जरा इकडंतिकडं झालं की भिंतीवर जाऊन आदळतो. ज्याला ओढ आहे त्याला मधे राहता येत नाही. हे मी तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं.

एर्वेचा राग मी लग्नाआधीच पाहिला होता, ही माझी पहिली चूक नव्हे, पहिली लबाडी. एकदा मी झडप उशिरा उघडली म्हणून त्यानं हातातला लोखंडी पाना माझ्या अंगावर भिरकावला. चुंबक चालू होतं. पाना माझ्यापर्यंत आलाच नाही. अर्ध्या वाटेत हवेतच वळला आणि चुंबकाच्या अंगावर असा आपटला की भिंतीवरचं घड्याळ पडून फुटलं. सगळे खोखो हसले. एर्वेही हसला, आणि क्लेमांस, मीही हसले. सायंकाळी त्यानं मला नदीकाठी आइस्क्रीम खायला नेलं. पुढं पाच महिन्यांनी आमचं लग्न झालं. घरी चुंबक नव्हतं.

घरी काय होतं ते तुला मी सांगायची गरज नाही, तरी सांगते, कारण आपण दोघींनी ते शब्दांत कधी म्हटलेलंच नाही. तुझे वडील मला मारायचे. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला जो खड्डा होता तो माझ्या डोक्याचा. डाव्या कानानं मला कमी ऐकू येतं ते लहानपणीच्या तापामुळं नाही. आणि मी, खाणवाल्याची लेक, मला वाटायचं यावरचा उतारा मला माहीत आहे. त्याचा श्वास बदलला की मी तुला उचलायची आणि तळघरात जायची. आपण अक्रोडांच्या बरण्या मोजायचो, आठवतं? एक ते चाळीस, मग उलट. अर्ध्या तासानं वर यायचो तेव्हा तो खुर्चीत बसून पेपर वाचत असायचा, काळी भुकटी झालेला. मी मनात म्हणायची, बघ, बाबा बरोबर होते. एवढं शिकलेल्या माणसांत वावरले पण एक साधी गोष्ट डोक्यात शिरली नाही: खाणीतलं न फुटलेलं काडतूस एकदा निवलं की निवलं. माझ्या घरातलं रोज सकाळी नव्यानं भिजत होतं, आणि त्या पिंपावर झाकण ठेवायचं काम मी करत होते.

डिनोला प्रयोगशाळेत मीच आणलं. तो काचकाम करायचा. असा कारागीर मी पुन्हा पाहिला नाही. काच फुंकताना त्याचे गाल फुगायचे आणि तू त्याला बेडूककाका म्हणायचीस. ऑक्सिजन दर वेळी भिंतीवर आदळतो म्हणून मोठमोठे लोक गणितं मांडत बसले होते. डिनोनं त्यांना काही न विचारता अंड्याच्या आकाराची एक कुपी फुंकली, आणि तिच्यात तो थेंब टिकायला लागला. सुरुवातीला दोन सेकंद, मग सात, मग चक्क अकरा. सगळे डिनो डिनो करायला लागले. एर्वेच्या तळपायाची आग मस्तकात जायला तेवढं पुरेसं होतं. शिवाय डिनो माझ्या गल्लीतला, माझ्याशी आमच्या गल्लीच्या बोलीत बोलणारा. घरी तळघराच्या फेऱ्या वाढल्या.

आता त्या बुधवारचं. तू सात वर्षांची होतीस, नुकतीच वाचायला लागली होतीस आणि दिसेल ते मोठ्यानं वाचायचीस, साबणाचा पुडासुद्धा. बुधवारी शाळा नसते म्हणून मी तुला घेऊन आले होते. काचेच्या खिडकीमागं उंच स्टुलावर तुला बसवलं होतं, हातात पाव आणि चॉकलेट. रॉकेटवाले पाहुणे आले होते. थेंब उठला. निळा, आपल्या डोंगरांवरच्या संध्याकाळच्या आभाळाएवढा फिकट निळा, वाटाण्यापेक्षा थोडा मोठा, कुपीच्या मधोमध. तू काचेला नाक लावून विचारलंस की ते पडत का नाही. मी म्हटलं, वर ओढणारा आणि खाली ओढणारा सारखेच दांडगे आहेत म्हणून. पाहुणे टाळ्या वाजवणार तेवढ्यात डिनोनं हात लांब करून वीज उतरवली. थेंब टपकन पडला. कुपीला केसाएवढा तडा गेलेला त्याला दिसला होता. ती फुटली असती तर पाहुण्यांच्या तोंडावर फुटली असती. त्यानं ते शांतपणे सांगितलं. पाहुण्यांनी त्याची पाठ थोपटली, एर्वेची नाही. मग सगळे जेवायला गेले. खोलीत राहिलो आपण चौघं.

डिनो उरलेला ऑक्सिजन बाहेर ओतायला निघाला होता. दुहेरी काचेचं ते मोठं भांडं त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरलेलं. एर्वे त्याच्या समोर जाऊन उभा राहिला. म्हणाला, "माझ्या चुंबकाला हात लावायला तुला कोणी सांगितलं?" डिनो म्हणाला, "तडा गेला होता, एर्वे. पोरगी बसली होती समोर." बस्स, एवढंच बोलणं. एर्वेनं दोन्ही तळहात त्या भांड्यावर ठेवले आणि सगळा जोर लावून ढकललं. भांडं डिनोच्या छातीवर फुटलं. निळं पाणी त्याच्या लोकरीच्या स्वेटरमध्ये, कोटात, गळ्यात शिरलं, आणि तो मागं धडपडत गेला तो थेट आपल्या कामाच्या टेबलावर, जिथं काच तापवायची छोटी ज्योत जळत होती. डिनो पेटला नाही, क्लेमांस. पेटणं याला म्हणत नाहीत. ज्या कोळशाच्या काडतुसानं त्याच्या बापाला नेलं, तसाच तो झाला होता, ऑक्सिजननं भिजलेली लोकर आणि आत माणूस. पांढरा भडका छतापर्यंत गेला. आवाज असा झाला की कोणीतरी मोठी चादर टरकन फाडली.

एर्वे ओरडत होता, घोंगडी आण, घोंगडी टाक. ही आग झाकून विझत नाही. ती आपला श्वास आपल्याबरोबर घेऊन आलेली असते, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातला एक जळत होता. मी डिनोला पायाला धरून फरफटत नेलं आणि भिंतीवरच्या फवाऱ्याची साखळी ओढली. पाणी पडलं. वाफ, मग करपलेल्या लोकरीचा वास, मग कातडीचा. त्याचा उजवा कान माझ्या हाताला चिकटून आला. मी हे तुला घाबरवायला लिहीत नाही. तू हे सगळं पाहिलं होतंस, काचेमागून, चॉकलेट हातात धरून, आणि तुला गेली एकोणतीस वर्षं सांगितलं गेलंय की तू नीट पाहिलं नव्हतंस.

आमच्याकडे एक वही असायची. पानांवर छापील आकडे, एकही पान फाडायचं नाही, खोडायचं नाही, पेन्सिल चालायची नाही. झडपेपाशी जो उभा असेल त्यानं हात धुवायच्याही आधी घडलं ते लिहायचं. थेंब किती सेकंद टिकला हे जसं लिहायचं तसंच कोणाचं बोट कापलं तेही. त्या वहीवर सगळ्या खोलीचा विश्वास होता, कारण तिच्यात कोणी कधी खोटं लिहिलं नव्हतं. माणसं एकमेकांशी खोटं बोलायची, बायकांशी बोलायची, साहेबांशी बोलायची, वहीशी नाही. रुग्णवाहिका डिनोला घेऊन गेली. झडपेपाशी मी होते. माझे हात काळे होते. एर्वे माझ्या खांद्यामागं उभा राहिला. ओरडला नाही. हळू आवाजात म्हणाला, "लिही. घसरला." त्याचा श्वास मला कळत होता, आणि तिथं तळघर नव्हतं. मी लिहिलं. 'दुपारी साडेबारा. उघडं भांडं नेताना डिनो फाल्चेत्ती घसरला.' वळणदार अक्षरात.

तू स्टुलावरून उतरून आली होतीस. वहीवर बोट ठेवून तू अक्षरं लावलीस, सगळं वाचलंस, आणि माझ्याकडे मान वर केलीस. "आई, इथं घसरला लिहिलंय. पण बाबांनी ढकललं." एर्वे हलला नाही. मी म्हटलं, "तू नीट पाहिलं नाहीस. डोळ्यांवर ऊन येत होतं तुझ्या." त्या बुधवारी बाहेर पाऊस होता, पोरी. तू खिडकीकडे बघितलंस, मग त्याच्याकडे, मग माझ्याकडे. आणि तू म्हणालीस, "हो. घसरला." असं म्हणून उरलेला पाव खायला लागलीस. तू हुशार मूल होतीस. नुकतीच वाचायला शिकली होतीस, आणि पाहिलेलं खरं मानायचं नाही हे त्या दिवशी शिकलीस. ते तुला तुझ्या बापानं शिकवलं नाही. मी शिकवलं.

डिनोला मी तीन आठवड्यांनी इस्पितळात भेटले. गळ्यापासून बोटांपर्यंत पट्ट्या, एका बाजूला कान नाही. चौकशी तोवर संपली होती: उघड्या ज्योतीजवळ उघडं भांडं नेलं, स्वतःचाच निष्काळजीपणा. त्याला तिथं परत घेणार नव्हते. मी त्याच्यासाठी अक्रोडाचा टार्ट करून नेला होता. केवढी मी शहाणी, माणसाचं आयुष्य जाळून टार्ट घेऊन जाणारी. त्यानं आधी टार्टकडे पाहिलं. मग आमच्या गल्लीच्या बोलीत म्हणाला, "वही दाखवायला आणली होती त्यांनी. अक्षर मात्र अजून छान आहे तुझं, सोलांज." एवढंच. तो लोरेनला परत गेला. त्यानं कुठंही, कोणापाशीही तुझ्या वडलांचं नाव घेतलं नाही. मी पुष्कळ वर्षं समजत होते की तो माझ्यावरच्या मायेपोटी गप्प राहिला. आता वाटतं, वहीत लिहिलं गेल्यावर काही बोलण्यात त्याला अर्थच वाटला नसेल. त्या हातांनी तो पुन्हा काच फुंकू शकला नाही. मला कोणी कधी धारेवर धरलं नाही. उलट, फवाऱ्याची साखळी ओढली म्हणून साहेबांनी माझं कौतुक केलं, सगळ्यांसमोर, आणि एर्वेनंही टाळ्या वाजवल्या. कोंबडं झाकून ठेवलं की उजाडत नाही अशी माझी समजूत. तुझे वडील बारा वर्षांपूर्वी झोपेत गेले, आणि खरं सांगते, मी रडले ते सुटल्याच्या आनंदानं. तू माझा हात धरून म्हणालीस की बाबा तसे चांगले होते. मी म्हटलं, हो.

आता त्या रविवारचं, ज्याचा कागद तुला हवाय. पायऱ्या ओल्या नव्हत्या. तीन दिवस पाऊस नव्हता. तू जेवताना म्हणालीस की कामाच्या शिक्षणासाठी दोन महिने लियॉंला जायचं म्हणतेय, दुकानाचे मालक पाठवतायत. फाब्रिस हसला, म्हणाला बघू, आणि मला आणखी बटाटे वाढले. तू रिकामी ताटं घेऊन परसदाराकडे गेलीस. तो मागून गेला. मी ओव्हनमधून टार्ट काढून वळले तेव्हा दार उघडं होतं. त्यानं तुझी मान मागून पकडली होती, मांजराच्या पिल्लाची धरतात तशी, आणि तुझ्या कानाशी काहीतरी बोलत होता. मग त्यानं ढकललं. चार पायऱ्या. तुझं मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, उजव्या कानानं, चांगल्या कानानं. ताटं फुटली आणि एका तुकड्यानं तुझा गाल चिरला. तो वळला, मला पाहिलं, आणि म्हणाला, "सासूबाई, तुमची लेक खाली बघून चालतच नाही." मी उभी. हातात गरम टार्ट. पोळत होता तरी खाली ठेवला नाही. शेजारणीनं पोलिसांना बोलावलं, मी नाही. आणि ते आले तेव्हा तू म्हणालीस घसरले, आणि मला विचारलं तेव्हा मी म्हटलं की मी ओव्हनपाशी होते, काही पाहिलं नाही. दुसऱ्यांदा, क्लेमांस. एकदा खोटं बोलले ती भीती होती. दुसऱ्यांदा बोलले ती सवय.

तरीही मी तुझा कागद तुझ्या मनासारखाच लिहिला असता. होय, लिहिला असता. माझं तेवढंही खरं नाही. मी स्वतःला समजावत होते की तुझा संसार आहे, तू सज्ञान आहेस, दोघांत तिसऱ्यानं पडू नये. पण गेल्या बुधवारी तुझी नोएमी माझ्याकडे होती. मी अंडी उकडायला ठेवली आणि म्हटलं, दहा मिनिटं बघ गं. तिनं मनगट पुढं केलं. लाल पट्ट्याचं घड्याळ, आकडे अंधारात चमकणारे. मी विचारलं, एवढं छान घड्याळ कोणी घेतलं. ती म्हणाली, "आईनं. खाली तळघरात दिवा लावायचा नसतो ना, मग अर्धा तास कसा कळणार?" मग तिनं मला समजावून सांगितलं, तू समजावतेस तसंच असणार, शहाण्या बाईसारखं: अर्ध्या तासानं बाबा निवतात. आधी वर गेलं तर आपलीच चूक. सहा वर्षांची आहे ती. घड्याळ तिला आपल्या घरात सगळ्यांत लवकर कळायला लागलं. अंड्यांचं पाणी उतू गेलं, गॅसवर सांडलं, आणि मी तिथंच खुर्चीत बसले. माझ्या बापानं आमचा जीव वाचवायला शिकवलेला नियम मी तुला दिला आणि तू तिला दिलास, आणि त्या नियमाच्या जोरावर दोन पुरुष सुखानं जेवले.

तू अधांतरी आहेस असं तुला वाटतं, ना इकडं ना तिकडं, कोणाशी भांडण नाही, म्हणजे ठीक चाललंय. मला ते फार ओळखीचं आहे. मी तसे थेंब बघण्यातच आयुष्य घालवलं. ते निवांत नसतात. दोन दांडगे त्यांना सारख्या जोरानं ओढत असतात, एवढंच. एकाचा हात जरा सैल झाला की आदळतात. डिनोनं वीज उतरवली तेव्हा थेंब पडला आणि सगळे त्याच्यावर चिडले. पण तडा गेलेल्या कुपीत थेंब ठेवायचा नसतो. हे त्या खोलीत त्याला एकट्यालाच दिसलं आणि त्याची किंमतही त्यानं एकट्यानं मोजली.

म्हणून तुझा कागद मी लिहिला. त्यात शेवटी एक वाक्य स्वतःच्या हातानं उतरवावं लागतं, खोटं लिहिल्यास शिक्षा होते हे मला माहीत आहे, असं. तेही लिहिलं, वळणदार अक्षरात. वर लिहिलं: 'माझी मुलगी घसरली नाही. तिच्या नवऱ्यानं तिला मान धरून पायऱ्यांवरून ढकललं. मी पाहिलं. त्या दिवशी मी पोलिसांना सांगितलं ते खोटं होतं.' आज सकाळी नऊ वाजता तो पोलीस ठाण्यात देऊन आले. समोर वर्दीतली तरुण मुलगी होती. तिला मी डिनो फाल्चेत्तीचंही सांगितलं, तारीख, वेळ, वहीतलं वाक्य. ती म्हणाली, आजी, ते आता फार जुनं झालं, त्याचं काही होणार नाही. म्हटलं, नको होऊ दे, पण तू लिहून घे. तिनं लिहून घेतलं. त्याची एक प्रत मी डिनोला पाठवतेय, जिवंत असेल तर वाचेल. फाब्रिसच्या वकिलाला माझा कागद आज ना उद्या मिळेल, म्हणून हे पत्र घरी न पाठवता इथं आणलं, आणि म्हणून आजच आणलं. तू आज त्या घरी जायचं नाहीस. तू हे वाचत असशील तेव्हा शाळा सुटलेली असेल, आणि नोएमीला मी आणलेलं असेल. आजीचं नाव तूच शाळेत लिहून दिलं होतंस. वाचून झालं की मान वर करून दुकानाच्या काचेतून बघ. समोर ट्रामच्या थांब्यावर बाकावर आम्ही दोघी बसलेल्या असू. तू रागावून माझ्याशी आयुष्यभर बोलली नाहीस तरी चालेल, पण आधी तो रस्ता ओलांड, मग नको बोलूस. घाई करू नकोस, कामाची पाळी संपल्यावर ये, ट्राम कितीही जाऊ देत, आम्ही उठणार नाही. नोएमीच्या हातातलं घड्याळ काढून मी माझ्या पिशवीत टाकणार आहे.

तुझीच,
आई